जोडहात

१

राळ्याची पेज एकदा चुलीवर चढवली की तिला सोडून कुठं जाता येत नाही. लगेच तळाला लागते. ढवळणाऱ्याचे हात अडकलेले असतात, डोळे वाफेनं भरलेले असतात, मोकळे राहतात ते फक्त कान. माझे कान लहानपणापासून मागच्या अंगणात असतात.

आमच्या तालमीला दोन अंगणं. पुढच्या अंगणात गावोगावची पोरं दिवसभर घाम गाळतात. छांगचौच्या या खारवट मातीत धड गहू येत नाही, पण मारामारी शिकायला येणारी पोरं मात्र दरसाल भरघोस येतात. मागचं अंगण फक्त दोघांचं. तिथं जोडहात चालतो. जोडहात म्हणजे दोन माणसांनी समोरासमोर करायचा डावांचा फेर. एकानं मारायचं, दुसऱ्यानं झेलून उलट मारायचं, असं शेवटापर्यंत. माझ्या वडिलांनी, म्हणजे थोरल्या वस्तादांनी, तो अर्धा अर्धा वाटून दिला. वरची बाजू पेइशानला, खालची दुआनला. आपली बाजू दुसऱ्याला शिकवायची नाही, अशी मूळ गुरूंच्या नावाच्या पाटीपुढं दोघांकडून शपथ घेतली.

"एकालाच सगळं दिलं तर उद्या शहरात जाऊन दुकान मांडील," वडील म्हणायचे. "अर्धं अर्धं दिलं की म्हातारे होईस्तोवर एकमेकांना जपून राहतील."

पेइशान म्हणजे माझा नवरा. वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून शिष्यच घरजावई करून घेतला. लग्नाआधी मी त्याला अरेतुरे करायची. लग्नानंतर चार लोकांत अहो, आणि स्वयंपाकघरात पुन्हा अरे. दुआन हा त्याचा गुरुबंधू. मागंपुढं कुणी नसलेला, आमच्याच घरात वाढलेला आणि पेज पातळ झाली तर मला वहिनी म्हणून तोंडावर सांगणारा.

जोडहात बघायची मला बंदी होती. मुलीनं बघितलं की सासरी जाऊन सांगते, असं वडिलांचं म्हणणं. मी सासरी कधी गेलेच नाही, तरी बंदी राहिली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला जाड कागद राहिला. आता कानाला कुणी कागद लावू शकतं का? मला सगळा फेर आवाजानं पाठ आहे. विटांवर घासणारी पावलं, कोपरावर कोपर, मनगटावर मनगट, थाप, दुहेरी थाप. शेवटी एकदम शांत. आणि मग दोघांचा एकाच वेळी सुटलेला श्वास. तो ऐकला की मी पेज उतरवते.

दुआन गेला त्या हिवाळ्यापासून मात्र तिकडून एकट्या पेइशानचे आवाज येत होते. पावलं, कापडाची फडफड, धाप. थाप जिथं पडायची तिथं रिकामी जागा. तो ती जागा सोडायचा, समोर माणूस असल्यासारखा तेवढा वेळ थांबायचा आणि पुढं जायचा. ऐकवायचं नाही, पण ढवळायचं काम होतंच.

वसंतात पितरांच्या कबरी झाडायचा दिवस झाला, त्याच्या दुसऱ्या सकाळी फेराच्या अगदी सुरुवातीला एका रिकाम्या जागेत थाप पडली. कातड्यावर कातडं.

२

मी काही लगेच घाबरून पडणाऱ्यातली नाही. मनात म्हटलं, मांडीवर हात मारला असेल. त्याच्या एका गुडघ्यात कळ येते, कधी कधी चिडून मारतो स्वतःलाच.

आमच्याकडं दुपारी जेवणं झाली की मी औषधी दारूचा बुधला कोमट पाण्यात ठेवते आणि ज्याला जिथं लागलंय तिथं चोळून देते. मार बघून मला सांगता येतं कुणाचा हात होता ते. त्यात मोठं काही नाही, रोज चपात्या लाटणारीला आपली चपाती ओळखता येते, तसंच. त्या दुपारी पेइशान बसला आणि त्यानं उजवी बाही वर केली. हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या खाली निळा डाग होता. डागाच्या मधोमध काळा ठिपका. बोराच्या आठोळीएवढा.

माझा हात थांबला.

दुआन पोरवयात खेचरावरून पडला होता. जत्रेतल्या कुठल्या तरी भोंदू वैद्यानं त्याचं डावं मनगट बांधलं, आणि हाड कायमचं बाहेर आलं. कातडीखाली आठोळी ठेवल्यासारखं. त्यानं डाव्या हातानं मारलं किंवा झेललं की समोरच्याच्या अंगावर डाग पडायचा आणि डागात ठिपका. तालमीतली पोरं त्याला 'दुआनचा शिक्का' म्हणायची. पेइशानच्या अंगावर मी तो शिक्का किती वर्षं चोळला, त्याचा हिशेब नाही.

"कशाचं रे हे?" मी विचारलं.

"खांबाचं."

"खांबाला मनगट आहे?"

"तुझं आपलं काहीतरीच, सुचिन. चोळ ना. थंड होतेय दारू."

सरावाच्या खांबावर हात मारला की डाग बाहेरच्या बाजूला पडतो. आतल्या बाजूला पाडायचा तर समोर कुणीतरी लागतं. हे त्याला माहीत होतं आणि मलाही. मी चोळलं. डागाच्या जागी तो कळवळला नाही. उलट त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जे मी हिवाळाभर पाहिलं नव्हतं. तो खूश होता.

३

दुआन कसा गेला ते सांगायला हवं.

तालमीचं पोट शिकवणीवर भरत नाही. व्यापाऱ्यांच्या गाड्यांबरोबर राखणीला माणसं पाठवावी लागतात. त्या शरदात चहाच्या गाड्या उत्तरेच्या खिंडीपलीकडं जायच्या होत्या. पेइशानचा गुडघा धरलेला, म्हणून दुआन गेला. जाताना म्हणाला, "वहिनी, मी येईपर्यंत पेज पातळ करायची सवय सोडा." बर्फ पडायला लागल्यावर गाडीवान सुन परत आला. म्हणाला, खिंडीत गाठ पडली लुटारूंशी. माल वाचला, पण दुआनदादांना लागलं. डोंगरातल्या देवळात भिक्षूंपाशी ठेवून आलोय.

"कुठं लागलं?" मी विचारलं.

सुन जमिनीकडं बघत राहिला. "सांगू नका म्हणालेत. आणि ही पेटी दिलीय. मूळ गुरूंच्या पाटीखाली ठेवायची. उघडायची नाही."

लांबट, अरुंद लाकडी पेटी. फटी सरसानं बंद केलेल्या, वरून कागद डकवलेला. जवळ नाक नेलं तर चुन्याचा वास यायचा. मला वाटलं, तलवार असेल, किंवा त्याचे चांगले जोडे. मागच्या अंगणाला लागून पाटीची खोली आहे, तिथं ठेवून दिली.

वर्षाच्या शेवटी एक लोकरवाला त्या वाटेनं आला. त्यानं सांगितलं की देवळातल्या भिक्षूंनी एका जखमी माणसाला पुरलं. नाव त्याला माहीत नव्हतं, पण जखमी माणसं काय देवळात रांगेनं पडलेली नसतात. पेइशाननं तीन दिवस तोंडात घास घेतला नाही. मग उठला आणि एकटाच मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला. जोडहाताची खालची बाजू जगातून गेली होती. निदान वरची तरी जाऊ नये, असं तो म्हणायचा. मला माहीत होतं, त्याला फेर नको होता, दुआन हवा होता.

कबरी झाडायच्या दिवशी दुआनला कबरच नाही म्हणून आम्ही त्या पेटीपुढं मेलेल्यांना पोचायचे कागद जाळले. मी पेटीवर वाफवलेल्या पावांची बशी ठेवली. दुसऱ्या सकाळी फेर संपल्यावर बघते तर बशी जमिनीवर. पाव गडगडत उंबऱ्यापाशी गेलेले. उंदीर, मी म्हटलं. उंदरांनी पाव खाल्ले मात्र नव्हते.

४

थापा वाढत गेल्या. पहिल्या दिवशी एक होती, मग पुढच्या जागेतली, मग तिच्या पुढची. फेर शिकणाऱ्या पोराचा धडा रोज थोडा पुढं सरकावा तसं. आणि एक गोष्ट मला बुचकळ्यात टाकायची. थापा सगळ्या येत नव्हत्या. काही जागा रिकाम्याच राहायच्या. दुपारी डाग बघितले तर सगळे डाव्या हाताचे. दुआनचा उजवा हात कुठं लागलेला दिसत नव्हता.

डाग पेइशानच्या हातावरून खांद्याकडं सरकायला लागले तेव्हा मी बुधल्याला बूच मारलं.

"आज चोळणार नाही. आधी सांग."

"काय सांगू?"

"मला काय आंधळी समजतोस? हा कुणाचा शिक्का आहे?"

त्यानं बाही खाली ओढली. मग हसला. "तो आलाय, सुचिन."

"कोण तो?"

"दुआन. दिसत नाही. पण मी हात पुढं केला की तो असतो. तोच जोर, तोच वेग. पंचवीस वर्षांचा हात आहे तो, मला कळणार नाही? मी रोज उठतो ते त्याच्यासाठी."

"मेलेला माणूस मारामारी करायला येतो होय?"

"दुसरं काय करायला येईल? आम्ही आयुष्यात दुसरं केलंय काय?"

मनातून मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. मलाही दुआन हवा होता. पण रडू आवरलं, कारण मला फेराचा शेवट आठवला.

जोडहाताचा शेवटचा डाव खालच्या बाजूचा. डाव्या हाताची कड सरळ वरच्याच्या गळ्यावर येते, जोरात, आणि बोटभर अलीकडं थांबते. वरच्याकडं त्याला उत्तर नाही. तेव्हा त्यानं हात खाली सोडून उभं राहायचं. शेवटी एकदम शांत का होतं, असं मी विचारल्यावर वडिलांनीच एकदा तो सांगितला होता. मी म्हटलं, असा कसा डाव, की ज्याला झेलताच येत नाही? ते म्हणाले, "हा डाव नाही, पोरी. हात राखणं आहे हे. वर्षानुवर्षं बरोबर घाम गाळल्यावर समोरचा आपल्यासाठी हात राखतो की नाही, एवढंच यात बघायचं."

मी पेइशानला म्हटलं, "दुआन हात राखायचा. हे जे काही येतंय, ते राखेल?"

"दुआनच आहे तो."

"मग तो माझ्याशी का बोलत नाही? पेज पातळ आहे म्हणून का सांगत नाही? नुसतं मनगट येतंय, पेइशान. माणूस कुठाय?"

तो उठून गेला. पण मला दिसलं की त्याचा हात गळ्याकडं गेला होता.

५

दुसऱ्या सकाळी तो मागच्या अंगणात गेला नाही. माझ्यासाठी नाही म्हणाला, गुडघ्यासाठी. मी मान हलवली आणि त्या दाराला अडसर घातला.

चुलीपाशीच पाट टाकून त्याला पेज वाढली. खारवलेला मुळा दिला. खिडकीच्या कागदावर ऊन आलं होतं. पुढच्या अंगणात पोरांचं एकसुरात ओरडणं चाललं होतं. मला फार बरं वाटत होतं. किती दिवसांनी आम्ही दोघं सकाळी असे बसलो होतो. मी त्याला चिडवलं की आता तू नुसता जावई झालास, वस्ताद नाही राहिलास.

तो हसता हसता थांबला आणि त्यानं उजवा हात झटक्यात तोंडासमोर आडवा धरला.

थाप पडली. माझ्यापासून हातभर अंतरावर. वाडगा उडून चुलीवर फुटला. पेइशान पाटावरून उठला, मागं सरकला, पुन्हा झेललं. थाप. त्याचे पाय स्वयंपाकघराच्या फरशीवर फेराच्या वाटेनंच चालले होते. मी काय केलं? पळी हातात धरून उभी राहिले. मला समोर कुणी दिसत नव्हतं. पेइशानच्या पुढं हवा होती, हवेत पेजेची वाफ होती आणि वाफेला मधूनच एक लांबट भोक पडायचं आणि मिटायचं. मग त्याच्या सदऱ्याला उजव्या बाजूला गळ्याखाली, हासळीच्या हाडावर खळगा पडला, मूठभर. तो भिंतीवर आदळला, आणि संपलं. कापड पुन्हा सरळ झालं.

मी सदरा उघडून बघितलं. शिक्का होता.

"आता सांग, दुआन आहे?" मी विचारलं. माझा आवाज ओरडल्यासारखा निघाला.

पेइशान बसून राहिला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच भीती होती. "दुआननं घरात, तुझ्यासमोर मला मारलं नसतं," तो म्हणाला.

हासळीच्या हाडानंतर दोन छोटे डाव असतात. मग शेवट. आवाजानं मला तेवढं कळत होतं. उद्या परवा नाही तर तेरवा.

६

त्याच दुपारी पुढच्या अंगणात आरडाओरडा झाला. मला वाटलं, पोरांची भांडणं. बाहेर आले तर गाढवावरून दुआन उतरत होता.

हाडं राहिली होती, पण दुआनच. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. माझ्याकडं बघून म्हणाला, "वहिनी, तोंड मिटा. माशी जाईल." पेइशान धावत आला, गुडघा बिडघा विसरून, आणि त्याला मिठी मारली. मग त्याची मिठी सैल झाली. दुआनची डावी बाही रिकामी होती. खांद्याच्या थोडं खाली गाठ मारलेली.

खिंडीत घाव हातावर बसला होता, तो सडायला लागला आणि भिक्षूंनी कापला. हे आमच्या कानावर जाऊ नये म्हणून त्यानं सुनला तोंड बंद ठेवायला सांगितलं. लोकरवाल्यानं ज्याला पुरल्याचं ऐकलं तो कुणी दुसराच होता, एक खेचरवाला. तापातून उठायलाच दुआनचा वसंत गेला.

"आणि पेटी?" मी विचारलं. मला उत्तर कळलं होतं.

"पेटी नीट आहे ना?" तो एकदम म्हणाला. "आईबापांनी दिलेलं अंग आहे, वहिनी. मेल्यावर त्यांच्याकडं अर्धवट कसा जाऊ? चुन्यामिठात घालून ठेवायला सांगितला. मी मेलो की माझ्याबरोबर पुरायचा. तालमीत ठेवा म्हटलं, कारण माझं दुसरं घर कुठाय?"

पेइशान पांढराफटक पडला होता. त्यानं सदरा उघडून दाखवला आणि सकाळी चुलीपाशी काय झालं ते सांगितलं. दुआननं डाग पाहिले, एकेक करून. हासळीवरचा पाहिला. मग स्वतःच्या रिकाम्या बाहीकडं पाहिलं.

"मी केलं नाही," तो हळूच म्हणाला. लहान पोर म्हणतं तसं.

"माहीत आहे," पेइशान म्हणाला.

पेटी मीच उघडली. सरस चाकूनं सोडवला, चुना बाजूला केला. भर दुपारची वेळ, दार उघडं, पुढं पोरांचा गलका. हात होता तसाच होता. वाळलेला, पिवळट तपकिरी, बोटं ताठ. मनगटावर आठोळी. मी तो उचलून उजेडात धरला, कारण मार बघायची मला सवय आहे, आणि आतली बाजू वर केली.

तिथं डाग होते. पेइशानच्या कोपरांचे, त्याच्या मनगटाचे. मी ते ओळखते. एक जांभळा, ताजा. काही हिरवट पडलेले. कोपराजवळचे जुने पिवळे होऊन कडेनं विरत चाललेले.

मेलेल्या कातडीवर डाग पडत नाही, हे एक वेळ सोडा. पडलाच तर तो तसाच राहतो. हे डाग बरे होत होते.

मी हात परत चुन्यात ठेवला आणि झाकण लावलं.

"जाळून टाकू या," मी म्हणाले.

"नाही," दुआन म्हणाला.

"मग शेताच्या पार टोकाला पुरू. आजच."

"एकटा नाही पुरायचा. आणि पुरून काय होणार, वहिनी? तुमच्या चुलीपाशी आला तेव्हा मधे दोन भिंती होत्या. चुन्यातून येतो, तो मातीतून येणार नाही?" तो पेइशानकडं वळला. त्याचा आवाज आता तालमीतला झाला होता. "फेर अर्धा सुटलाय, म्हणून तो चाललाय. त्याला एवढंच येतं. थांबायचं कुठं ते त्याला कुणी सांगितलेलं नाही. ते त्याला कधीच माहीत नव्हतं. ते मला माहीत होतं."

"मग?"

"उद्या सकाळी मी माझ्या जागेवर उभा राहतो. शेवटापर्यंत करू."

"आणि तुझं नाही ऐकलं त्यानं?" मी विचारलं.

"माझाच हात आहे," दुआन म्हणाला. पण त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

७

त्या सकाळी मी पेज चढवली नाही. मागच्या अंगणाच्या दारात जाऊन उभी राहिले. बंदी घालणारे वडील गेले होते, आणि असते तरी मी उभी राहिले असते.

दोघांनी पाटीला नमस्कार केला. समोरासमोर आले. ऊन भिंतीवरून अर्ध्या अंगणात उतरलं होतं. इतकी वर्षं नुसता ऐकलेला फेर पहिल्यांदा दिसत होता, आणि मला कबूल करायला हवं, तो सुंदर होता. दुआन अशक्त होता तरी उजव्या हाताच्या थापा वेळेवर पडत होत्या. रिकाम्या जागा भरत होत्या. आणि डाव्या हाताच्याही भरत होत्या. तेव्हा मात्र मी बाहीकडं बघत होते. गाठ मारलेली बाही सरळ लटकत होती, हलतही नव्हती, आणि पेइशानच्या हातावर थाप पडत होती.

हासळीच्या हाडावरची आली. पुढचे दोन छोटे डाव झाले.

पेइशाननं दोन्ही हात खाली सोडले.

मी सगळं बघितलं असं म्हणणार नाही. पेइशानच्या सदऱ्याची उभी कॉलर गळ्याच्या डाव्या बाजूला आत दबली. बोटभर. कापड तिथंच थांबलं. दुआनचा डावा खांदा थरथरत होता, विहिरीतून भरलेली घागर ओढताना मधेच दोर धरून ठेवावा लागतो तसा. त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता आणि तो डोळे मिटत नव्हता. पेइशान त्याच्या डोळ्यांत बघत होता. त्याला पळता आलं असतं. तो हलला नाही. असा भरवसा कुणावर ठेवायला मला जमलं नसतं. त्या क्षणी मला दुआनचा हेवा वाटला, हेही सांगून टाकते.

कॉलर हळूहळू सरळ झाली. दोघांचा श्वास एकदम सुटला.

मग दुआन विटांवर बसला आणि म्हणाला, "वहिनी, आज पेजच नाही?"

८

त्यानंतर पाच हिवाळे गेले. फेर रोज होतो. एक दिवस सोडून बघितला होता. पुन्हा एक वाडगा फुटला, तेव्हापासून सोडत नाही. दुआनला आता गाड्यांबरोबर जाता येत नाही, एका रात्रीसाठीसुद्धा दुसऱ्या गावी जाता येत नाही. लग्नाचं एक स्थळ आलं होतं, तेही त्यानं घालवलं. म्हातारे होईस्तोवर एकमेकांना जपून राहतील, असं वडील म्हणाले होते. तसंच झालं म्हणायचं.

पेटीवरची धूळ मी झाडते. बशी ठेवत नाही.

या हिवाळ्यात दुआनला खोकला धरला. खिंडीतल्या थंडीनं छाती आधीच गेलेली. मी त्याला नासपती खडीसाखरेत शिजवून देते, दिवसातून दोनदा. पेइशान रुसतो, मला कधी असं केलं नाहीस म्हणून. त्याला मला हसवायचं असतं. मी हसत नाही.

परवा दुआन चुलीपाशी शेकत बसला होता, तेव्हा मी विचारलंच. "तुम्ही आधी गेलात तर?"

"मग काय," तो म्हणाला, "पेटीतला हात माझ्याबरोबर जाईल. मी पुरा होईन, वहिनी. पुऱ्या माणसाला हात राखता येतो."

"मेलेल्याला?"

त्यानं वाडगा खाली ठेवला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि खोकला आला. तो इतका वेळ चालला की मी पाठ चोळत बसले आणि उत्तर राहून गेलं.

आज सकाळी मी ढवळत होते. फेर नेहमीसारखा झाला. शेवटची शांतता आली. मी पळी थांबवून श्वासांची वाट बघत होते. आधी दुआनचा खोकला ऐकू आला, आतल्या आत दाबलेला. मग काहीच नाही. मग पेइशानचा श्वास सुटला. एकट्याचा, आणि जरा उशिरा.

दुपारी मी दारू कोमट केली. पेइशान बसला, बाह्या वर केल्या. आज काही विशेष नाही म्हणाला. मी त्याला मान वर करायला सांगितली.

गळ्यावर, डाव्या बाजूला, एक ठिपका होता. निळा डाग नाही, नुसता ठिपका. आठोळीच्या टोकाएवढा.

"काय गं?" त्यानं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं, आणि तिथं जास्त वेळ चोळलं. मग उठून दुआनसाठी आणखी नासपती चिरायला घेतल्या.